पिण्याचे पाणी प्रवाळाला का चालत नाही?

मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडी निघाली की काही मिनिटांतच ती एका वेगळ्या जगावरून जाऊ लागते. किल्ला आणि पद्मगड यांच्या आसपास पाण्याखालच्या खडकांवर प्रवाळ वाढतात. १९८७ साली जाहीर झालेले मालवणचे सागरी अभयारण्य याच भागात आहे. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यात गाभा क्षेत्र तीन चौरस किलोमीटरच्या थोडे वर. स्नॉर्केलिंगचा मुखवटा लावून हा तळ पाहिलेल्यांपैकी काहींना त्याचा छोटा नमुना घरी असावा असे वाटू लागते. काचेची टाकी, निळे दिवे, खारे पाणी आणि डोलणारे प्रवाळ.

या छंदात पडणाऱ्यांचा बहुतेक खर्च दिव्यांवर आणि माशांवर होतो. टाकी बिघडते ती मात्र बऱ्याचदा पाण्यामुळे, आणि तेही दिसायला नितळ असलेल्या पाण्यामुळे. आपल्यासाठी निर्धोक ठरलेले पिण्याचे पाणी प्रवाळासाठी घातक ठरू शकते. म्हणूनच अशा टाकीच्या जोडीला पाणी शुद्ध करणारे वेगळे यंत्र लागते आणि त्या यंत्राची देखभाल टाकीच्या देखभालीइतकीच महत्त्वाची असते.

आधी कायद्याचे

पाण्याकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट हवी. भारतात सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे, विकणे किंवा जवळ बाळगणे हा तुरुंगवासाची शिक्षा असलेला गुन्हा आहे. समुद्रघोडाही याच अनुसूचीत येतो. अभयारण्यातून प्रवाळ चिकटलेला साधा दगड उचलून आणणेही याच गुन्ह्यात मोडते.

छंद म्हणून ठेवल्या जाणाऱ्या टाक्यांत बहुधा मऊ प्रवाळ, मश्रूम प्रवाळ आणि झोअँथिड असतात. त्यांचा या यादीत समावेश नाही. तरीही विक्रेत्याकडून पक्की पावती घेणे आणि शंका आल्यास वन विभागाकडे विचारणे श्रेयस्कर. ‘मालवणहून आणलेले’ असे सांगून कोणी प्रवाळ देऊ केले, तर ते नाकारणेच योग्य.

समुद्र दाराशी असताना वेगळे पाणी कशाला?

किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. दोन कॅन भरून समुद्राचे पाणी आणले की काम झाले, असे वाटते. पण किनाऱ्यालगतचे पाणी वर्षभर सारखे नसते. पावसाळ्यात कर्ली आणि गड नदी, शिवाय लहानमोठ्या खाड्या गोडे पाणी आणि गाळ आणून ओततात. खारटपणा उतरतो, पाणी गढूळ होते. बंदराजवळ होड्यांचे डिझेल आणि वस्तीचे सांडपाणी असते ते वेगळेच. खुल्या समुद्रातले प्रवाळ हे सहन करतात, कारण पुढच्या भरतीला पाणी बदलते. टाकीत भरती येत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. टाकीतले पाणी रोज वाफ होऊन उडते, मीठ मात्र मागेच राहते. खारटपणा कायम ठेवायचा तर उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणीच घालावे लागते. तिथे समुद्राचे पाणी घातले, तर टाकी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाईल. म्हणजे मीठ विकतचे असो की समुद्राचे, गोड्या पाण्याची गरज चुकत नाही.

आता थोडा हिशेब करू. दोनशे लिटरच्या उघड्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी उडते असे धरले, तर वर्षाला ७३० लिटर गोडे पाणी वरून घालावे लागेल. म्हणजे टाकीच्या साडेतीन पटींहून अधिक. या पाण्यात जे काही विरघळलेले असेल, ते टाकीत साठत जाते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये ०.०५ मिलिग्रॅम तांबे असणे स्वीकारार्ह आहे. माणसाला त्याचा काहीच त्रास नाही. पण ७३० लिटरमधून साडेछत्तीस मिलिग्रॅम तांबे येते. ते सगळे टाकीच्या पाण्यातच राहिले असे मानले, तर वर्षाअखेर दर लिटरला ०.१८ मिलिग्रॅम इतके प्रमाण होते. माशांवरचे परजीवी मारण्यासाठी तांब्याचे औषध साधारण याच मात्रेत देतात आणि त्या टाकीत प्रवाळ, कोळंबी, शंख असे अपृष्ठवंशी जीव ठेवू नयेत, अशी ताकीद बाटलीवरच असते. नायट्रेटचेही तसेच. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. प्रवाळाच्या टाकीत मात्र ते दहाच्या आत राखण्याची धडपड असते. फॉस्फेट आणि सिलिका आपल्या आरोग्याच्या दृष्टीने नगण्य, पण टाकीत शेवाळाला ते खतासारखे लागू पडतात.

स्वयंपाकघरातला आरओ का नको?

घरात आरओ आहे, मग त्याचेच पाणी वापरावे, असा पुढचा विचार येतो. घरगुती आरओ माणसांसाठी बनवलेला असतो. पाणी बेचव लागू नये म्हणून अनेक यंत्रांत ‘टीडीएस कंट्रोलर’ असतो. तो शुद्ध झालेल्या पाण्यात थोडे मूळचे पाणी पुन्हा मिसळतो. काहींमध्ये खनिजे घालणारा फिल्टर असतो, तर अलीकडच्या काही यंत्रांत मुद्दाम तांबे सोडले जाते. हे पाणी आपल्याला चालते. टाकीसाठी ते उलट दिशेने जाणारे आहे.

प्रवाळाच्या टाकीसाठीच्या यंत्रात पाणी चार टप्प्यांतून जाते. आधी गाळ अडवणारा स्पन फिल्टर, मग कार्बन फिल्टर, त्यानंतर आरओ मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन. हा क्रम ठरलेला आहे. प्रत्येक टप्पा पुढच्याचे रक्षण करतो. त्यामुळे स्वस्तातला पहिला फिल्टर वेळेवर बदलला नाही, तर महागडे मेम्ब्रेन जाते.

गाळाचा फिल्टर : दाब सांगतो ते ऐका

दुकानदार ‘सहा महिन्यांनी बदला’ असे सांगतो. कोकणात हा हिशेब चालत नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की जांभ्याच्या विहिरीचे पाणी तांबूस होते आणि पाच मायक्रॉनचा पांढरा स्पन फिल्टर काही आठवड्यांतच विटकरी दिसू लागतो. उन्हाळ्यात मात्र तोच फिल्टर महिनोन्‌महिने टिकतो.

रंगापेक्षा दाब महत्त्वाचा. फिल्टरनंतर लहानसा दाबमापक बसवला, तर नवा फिल्टर घातल्यावरचा दाब लिहून ठेवावा. तो ठळकपणे उतरला की फिल्टर बदलावा. पावसाळ्यात पाणी आधी एक दिवस पिंपात निवळू दिले, तर फिल्टरचे आयुष्य बरेच वाढते.

कार्बन : ओटी चाचणीचा उपयोग

मालवण शहरात धामापूर तलावाचे पाणी नळाने येते, तर वाडीवस्तीवर विहिरींचा आधार असतो. दोन्हीकडे निर्जंतुकीकरणासाठी क्लोरिन लागते. ग्रामपंचायती विहिरीत टीसीएल पावडर टाकतात. आपल्या आरोग्यासाठी ते आवश्यकच आहे. मानकानुसार पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहायला हवे. पण क्लोरिन प्रवाळाला मारक आहे आणि आरओ मेम्ब्रेनचा अतिशय पातळ थरही ते हळूहळू खाऊन टाकते. हे क्लोरिन अडवण्याचे काम कार्बन फिल्टर करतो.

कार्बनची ताकद संपली हे बाहेरून दिसत नाही. इथे गावच्या जलसुरक्षकाला परिचित असलेली ओटी चाचणी उपयोगी पडते. आरओमधून वाया जाणारे पाणी कार्बनमधूनच आलेले असते. त्याचा नमुना चाचणीच्या नळीत घेऊन द्रावणाचे थेंब टाकावेत. पाणी पिवळे झाले, तर कार्बन थकला आहे आणि क्लोरिन मेम्ब्रेनपर्यंत पोचते आहे. चाचणीचे द्रावण विषारी असते. तपासलेले पाणी टाकीत किंवा भांड्यात परत ओतू नये, हात धुवावेत. विहिरीत नुकतीच टीसीएल टाकली असेल, तर त्या दिवशी टाकीसाठी पाणी काढण्याचे टाळावे.

नवा कार्बन बसवल्यावर पहिले दहा-पंधरा लिटर पाणी मेम्ब्रेनकडे न सोडता बाहेर काढावे. त्यातली काळी पूड मेम्ब्रेनवर बसते.

मेम्ब्रेन : दोन आकड्यांची वजाबाकी

मेम्ब्रेनची तब्येत कळण्यासाठी टीडीएस मीटर पुरेसा आहे. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजायचा. आत १५० आणि बाहेर ५ असेल, तर मेम्ब्रेन सुमारे ९७ टक्के क्षार अडवते आहे, म्हणजे उत्तम. हे प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली गेले, तर बदलाची वेळ आली. त्याआधी दाब तपासावा, कारण बऱ्याचदा दोष मेम्ब्रेनचा नसतो.

पंचाहत्तर गॅलनचे मेम्ब्रेन दिवसाला सुमारे २८४ लिटर पाणी देते, असे वेष्टनावर लिहिलेले असते. ते पन्नास पीएसआयच्या आसपास दाब गृहीत धरून. छतावरची टाकी नळापेक्षा चार मीटर उंच असेल, तर दाब सहा पीएसआयसुद्धा भरत नाही. पन्नास पीएसआयसाठी टाकी पस्तीस मीटर उंचीवर हवी. म्हणून कोकणातल्या कौलारू किंवा एकमजली घरात बूस्टर पंपाशिवाय हे यंत्र नीट चालत नाही. दाब कमी असला की पाणी थोडे येते आणि त्यात क्षारही जास्त उतरतात.

तापमानाचाही संबंध आहे. पाणी गरम असले की मेम्ब्रेनमधून क्षार अधिक निसटतात. मे महिन्यात दुपारी काळ्या टाकीतले पाणी चांगलेच तापते. अशा दिवसांत पाणी सकाळी लवकर काढावे.

आणखी एक साधी सवय रेझिनचे पैसे वाचवते. यंत्र बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू सारखे होऊ पाहतात. त्यामुळे सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे टीडीएस जास्त येतो. हे पाणी रेझिनकडे न पाठवता बाजूला काढावे. रोज दोन लिटर काढण्यापेक्षा आठवड्यातून एकदाच पंधरा-वीस लिटर काढणे म्हणूनच फायद्याचे.

डीआय रेझिन : शून्य म्हणजे सगळे शून्य नव्हे

मेम्ब्रेनमधून निसटलेले उरलेसुरले क्षार रेझिनचे मणी पकडतात आणि बदल्यात पाण्याचेच घटक सोडतात. मीटरवर शून्य दिसायला हवे. एक दिसू लागले, की रेझिन बदलण्याची तयारी करावी. रंग बदलणाऱ्या रेझिनमध्ये थकलेला भाग डोळ्यांना कळतो.

मीटर फक्त विजेचे वहन मोजतो. सिलिकासारखे पदार्थ त्याला जवळजवळ दिसत नाहीत. रेझिन थकू लागले की सैल धरलेली सिलिका आधी सुटते, आणि मीटर शून्य दाखवत असतानाच टाकीच्या वाळूवर, काचेवर तपकिरी भुकटीसारखे शेवाळ येऊ लागते. टाकी जुनी असूनही असे शेवाळ अचानक आले, तर दिवे आणि माशांचे खाणे तपासण्याआधी रेझिन तपासावे.

कोकणातल्या विहिरीच्या बाबतीत आणखी एक कोडे पडते. जांभ्यातले पाणी बहुधा मऊ असते आणि त्याचा टीडीएस कमी असतो. मग रेझिन खूप टिकायला हवे. तरी ते लवकर संपते. याचे एक कारण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. हा वायू मेम्ब्रेनमधून सरळ पार होतो, मीटरवर फारसा दिसत नाही आणि रेझिनचा निम्मा भाग खाऊन टाकतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. विहिरीच्या ताज्या पाण्याचा पीएच मोजावा, मग तेच पाणी बादलीत घेऊन एअर पंपाने दिवसभर बुडबुडे सोडावेत आणि पुन्हा मोजावा. पीएच बराच चढला, तर वायू जास्त आहे. अशा वेळी आरओचे पाणी आधी पिंपात साठवून, हवा देऊन, नंतर रेझिनमधून काढले तर रेझिन अधिक टिकते.

थकलेले रेझिन घरी ॲसिड आणि कॉस्टिक सोडा वापरून ‘ताजे’ करण्याचे प्रयोग करू नयेत. दोन्ही रसायने त्वचा आणि डोळे जाळणारी आहेत.

वाया जाणाऱ्या पाण्याचे काय?

एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर पाणी बाहेर पडते. वरचे ७३० लिटर आणि दर पंधरवड्याला वीस लिटर खारे पाणी बदलायचे धरले, तर वर्षाला साडेबाराशे लिटर शुद्ध पाणी लागते. म्हणजे पाच हजार लिटरपर्यंत पाणी गटारात जाऊ शकते. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात अशा भागात हे खटकायला हवे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पाण्याचा टीडीएस पाचशेहून कमी असेल तिथे घरगुती आरओ नकोत, असे निर्देश दिले होते ते याच नासाडीमुळे.

मूळ पाणी १५० टीडीएसचे असेल, तर बाहेर टाकलेल्या पाण्याचा टीडीएस १८५च्या आसपास जातो. ते गाळलेले, क्लोरिन काढलेले पाणी असते. माड, पोफळ, भांडी, लादी, कपडे यांसाठी ते बिनदिक्कत वापरता येते. त्याची नळी पिंपात सोडावी, गटारात नको.

टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्याचे मात्र तसे नाही. ते झाडांना घालू नये, विहिरीजवळ ओतू नये आणि समुद्र जवळ आहे म्हणून खाडीतही सोडू नये. त्यात दूरदेशीचे जीव, शेवाळाचे बीजकण, रोगजंतू असू शकतात. भूमध्य समुद्रात १९८४ साली मोनॅकोजवळ दिसलेले कॉलेर्पा नावाचे शेवाळ पुढे किनाऱ्याचा मोठा भाग व्यापून बसले. त्याचा उगम मत्स्यालयात होता. काढलेले पाणी ब्लीचिंग पावडर घालून एक दिवस ठेवावे आणि मगच मोरीत सोडावे.

माणसांची काळजी

डीआय पाणी ‘सर्वांत शुद्ध’ म्हणून पिण्यासाठी वापरू नये. घोटभर गेल्याने विषबाधा होत नाही, पण त्यात खनिजे नसतात. शिवाय कार्बनने क्लोरिन काढून घेतल्यावर साठवलेल्या पाण्यात जंतू वाढू शकतात. कॅन झाकणाचा, खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचा आणि फक्त याच कामाचा असावा. लहान मुलांच्या घरात त्यावर तसे लिहून ठेवावे.

काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. असे दगड उकळत्या पाण्यात टाकल्याने किंवा ब्रशने घासल्याने विषाचे सूक्ष्म तुषार हवेत जाऊन घरातली माणसे आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. हातमोजे आणि चष्मा घालावा, दगड कधीही उकळू नयेत. हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये. मासे आणि पाण्यातून होणाऱ्या एका मायकोबॅक्टेरियम संसर्गाने त्वचेवर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी येतात. अशी गाठ आल्यास डॉक्टरांना टाकीचा छंद असल्याचे आवर्जून सांगावे, नाहीतर निदान लांबते. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. त्यामुळे बूस्टर पंप आणि टाकीची जोडणी ईएलसीबीवरूनच असावी.

वहीतले चार आकडे

देखभालीसाठी महागडी साधने लागत नाहीत. यंत्राजवळ एक वही टांगावी. पाणी काढताना दर वेळी चार आकडे लिहावेत : स्पन फिल्टरनंतरचा दाब, आत जाणारा टीडीएस, मेम्ब्रेननंतरचा टीडीएस आणि रेझिननंतरचा टीडीएस. महिन्यातून एकदा ओटी चाचणी करावी, पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा. यातला कोणता आकडा सरकला यावरून कोणता फिल्टर बदलायचा ते कळते. पहिला सरकला तर स्पन, ओटी पिवळी आली तर कार्बन, तिसरा वाढला तर दाब किंवा मेम्ब्रेन, चौथा वाढला तर रेझिन. सगळे एकदम बदलण्याची गरज क्वचितच पडते.

ही शिस्त जमणार नसेल, तर टाकी न घेतलेलीच बरी. किल्ल्यालगतचे प्रवाळ पाहायला ना फिल्टर लागतो, ना रेझिन. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी मालवणच्या प्रवाळांचे पांढरे पडणे आणि डायव्हिंगमुळे होणारी मोडतोड या दोन्हींची नोंद केली आहे. तिथे पाण्यात उतरताना खडकावर पाय न ठेवणे, प्रवाळाला हात न लावणे आणि वर येताना काहीही सोबत न आणणे, एवढे मात्र प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.